दाराचं टेबल

"तुमच्या घराला दार आहे का?" खिडकीपलीकडच्या मुलीनं विचारलं.

वरचीनं 'आहे ना' म्हणायला तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली. प्रश्न तसा सोपा होता. घर म्हटलं की दार आलंच. पण खोटं बोलायला काही ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून इथे आली नव्हती.

"आहे," ती म्हणाली, "पण दाराच्या जागी नाही."

"मग कुठे आहे?"

"खालच्या खोलीत. दोन स्टुलांवर आडवं टाकलंय. टेबल आहे आमचं ते."

मुलीनं लिहिता लिहिता पेन वर उचललं. तिला सर्दी झाली होती. नाक पुसून पुसून लाल झालं होतं, आणि त्यामुळे ती रागावल्यासारखी दिसत होती, पण होती मऊ स्वभावाची. डोक्यावर 'भाडेकरू सल्ला' अशी पाटी होती, आणि मागे रांग चुळबुळत होती.

"दाराचं टेबल केलंत?"

"हो."

"का बरं?"

आता हे एका दमात कसं सांगायचं, हे वरचीला कळेना. 'वरची' हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरमालकीण काकू तिला तशी हाक मारायच्या आणि मग दूधवाल्यापासून गल्लीतल्या पोरांपर्यंत सगळे तसंच म्हणू लागले. दवाखान्याच्या धुलाईखात्यात ती कामाला होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं धुवायचं, वाळवायचं, घड्या घालायच्या. मोजकं बोलायचं आणि घडी सरळ घालायची, एवढंच तिला येत होतं. आणि इथे तर कुठल्याच प्रश्नाला घडी पडत नव्हती.

"भाडं देता?" मुलीनं दुसरा प्रश्न घेतला.

"द्यायचे. मग त्या घेईनात."

"घेईनात म्हणजे?"

"म्हणाल्या, घरच्या माणसाकडून कुणी भाडं घेतं का."

मुलीनं कपाळाला हात लावला. "अहो मावशी, हेच वाक्य घोटाळ्याचं! ज्यांचं मालकाशी हाडवैर असतं ना, त्यांचं सगळं चोख असतं. करार, पावत्या, सगळं. आणि ज्यांचं जमतं, ते येतात असे हात हलवत."

"माझं जमत होतं," वरची म्हणाली. जणू गुन्हा कबूल करत होती.

"आता त्या बाई...?"

"गेल्या. महिना होईल. मुलगा आलाय. घर विकायचं म्हणतो."

मुलीनं खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. भाडं म्हणजे रोख पैसाच, असं काही नियम म्हणत नाही, ती म्हणाली. काकूंचं जे काही केलं, ते भाड्याच्या बदल्यात असं ठरलं असेल, तर वरची भाडेकरूच. मग मुदत दिल्याशिवाय कुणी तिला हलवू शकत नाही. घर विकलं तरी नाही.

"नवा मालक घर तुमच्यासकट घेतो."

"माझ्यासकट?"

"भिंतींसकट, नळासकट, तुमच्यासकट. पण जागा वेगळी हवी. तुमचं दार, तुमची कडी. तसं नसेल, एकाच घरात मिळूनमिसळून राहत असाल, तर तुम्ही भाडेकरू नाही. पाहुण्यासारख्या."

"मी पाहुणी नव्हते."

"मग कोण? घरच्या?"

"हो."

"मग भाडेकरू नाही."

"भाडेकरूपण होते."

मुलीला शिंक आली. ती शिंकली, रुमाल शोधला, आणि मग कागदावर काहीतरी खोडून काहीतरी लिहिलं. "तपासनीस येतील पुढच्या आठवड्यात जागा बघायला. ते ठरवतील." आणि मग इकडेतिकडे बघत, "मी काही सांगितलं नाही हं, मावशी. पण दार दाराच्या जागी असलेलं बरं."

*

ती या घरात आली तेव्हा अगदी रीतसर भाडेकरू होती. भावाच्या घरात भाचरं मोठी होत गेली तशी तिची गादी आधी पुढच्या खोलीत आली, मग स्वयंपाकघरात, आणि त्यापुढे घरात जागाच उरली नाही. काकूंची वरची खोली रिकामी होती. बाहेरचं दार सामाईक, मग बोळ, बोळाच्या डाव्या हाताला काकूंच्या खोल्या आणि समोर जिना. जिन्याच्या पायथ्याशी एक दार. जाड फळ्यांचं, आतून लोखंडी कडी असलेलं.

"हे दार लावून घेत जा," काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "मी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी कानावर पडली, आता कान मिटून बसायचंय मला."

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कुणाचा तरी आवाज कुणाच्या तरी कानाला जोडून द्यायचा, हे त्यांचं काम. नोकरी संपली, ती यंत्रंही भंगारात गेली, पण काकूंचा आवाज तसाच राहिला होता. स्वच्छ, जरासा नाकातून येणारा, घाई नसलेला. पुढे जेव्हा त्या न्हाणीघरात घसरल्या आणि कंबरेचं हाड मोडलं, तेव्हा त्यांची खाट जिन्याला लागून असलेल्या खोलीत आणली. वरची येता-जाता लक्ष ठेवून असायची. पण एका सकाळी खाली येऊन बघते तर काकू जमिनीवर. पहाटेपासून हाका मारत होत्या. दार जाड. सगळ्या गावाची बोलणी पोचवलेला आवाज, पण तो एक जिना काही चढू शकला नव्हता.

त्याच दिवशी वरचीनं कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावून दार काढायला लावलं.

"अगं, तुझं दार आहे ते," काकू खाटेवरून ओरडत राहिल्या. "भाडं देतेस तू त्याचं! सुतारदादा, हात लावू नका त्याला!"

"लावा हात," वरची म्हणाली.

"मग मी भाडं घेणार नाही, सांगून ठेवते. बिनदाराच्या खोलीचं भाडं घेतलं तर लोक शेण घालतील माझ्या तोंडात."

"नका घेऊ."

दोघीही हट्टाला पेटलेल्या. सुतार मध्ये बिजागऱ्या हातात घेऊन उभा. शेवटी दार निघालं. ठेवायला जागा नव्हती म्हणून तात्पुरतं दोन स्टुलांवर आडवं टाकलं, आणि तात्पुरतं ते कायमचं झालं. त्यावर औषधं आली, चहाचे कप आले, इस्त्री आली. महिनाअखेरीस वरचीनं भाडं पुढे केलं तेव्हा काकूंनी ते परत सरकवलं. आधी म्हणाल्या, दार नाही म्हणून नको. पुढे म्हणू लागल्या, घरच्याकडून कुणी घेतं का. यातलं कारण खरं कुठलं, हे वरचीनं तेव्हा विचारलं नाही. कोण विचारतं?

"हॅलो, वरचा मजला?" खालून हाक यायची.

"बोला, लाइन मोकळी आहे," वरची वरून म्हणायची.

*

"सरळ सांग ना, भाड्याच्या बदल्यात करत होते म्हणून," चिमणी म्हणाली. चिमणी म्हणजे धुलाईखात्यातली तिची जोडीदार. अंगानं काडी आणि तोंडानं अखंड चिवचिव, म्हणून हे नाव. दोघींच्या मध्ये चादर ताणलेली होती. चादरीची घडी एकट्या माणसाला येत नाही. एकीनं दोन टोकं धरायची, दुसरीनं दोन, मग झटका, मग एकमेकींकडे चालत जायचं.

"पण तसं ठरलं नव्हतं."

"मेलेलं माणूस उठून सांगायला येणारे का?"

"चिमणे!"

"बरं बाई, गेलेलं माणूस. गेलेलं माणूस उठून येणारे का?"

पलीकडे इस्त्रीच्या रुळाजवळून मुकादम ओरडले, "खोलीत बारा वर्षं काढली की खोली आपलीच! माझ्या मेव्हण्याची झाली."

"ते शेताचं असतं, मुकादम," चिमणी म्हणाली.

"शेताचं कुठलं? घराचंच. वीस वर्षं लागतात फार तर."

"मगाशी बारा म्हणालात."

"माणूस पाहून असतं गं ते."

सगळे हसले. वरचीही हसली, पण चादरीचं एक टोक तिच्या हातून सुटलं. गेल्या महिन्याभरात जो भेटेल तो तिला एक नवा नियम सांगत होता. दूधवाल्याच्या मते पाणीपट्टीवर नाव हवं. भावाच्या मते, "तू आधी कुलूप लाव, बाकी मग बघू." पाववाल्या बाईच्या मते मोलकरीण म्हणून मागचा सगळा पगार मागावा, खोली काय घेऊन बसलीस. प्रत्येकाचं बोलणं ऐकताना तिला पटायचं, आणि घरी पोचेपर्यंत डोक्यात सगळ्यांचा काला झालेला असायचा.

आणि खरंच जर ते भाड्याच्या बदल्यात होतं, तर त्यातलं भाडं कुठलं? पाय चेपले ते, की केस विंचरले ते? अंथरूण ओलं झालं की काकू भिंतीकडे तोंड करून घ्यायच्या, आणि वरची मुद्दाम मुकादमांचे किस्से सांगत चादर बदलायची, म्हणजे त्यांना हसता हसता कळायचंही नाही. ते किस्से कुठे धरायचे? आणि वरची तापानं पडली होती तेव्हा काकू जिन्याखाली खुर्ची टाकून, वर तोंड करून तिला सगळं वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या, अगदी 'वधू पाहिजे'सकट. ते काय, सुट्टे परत दिले म्हणायचं?

"टोक धर," चिमणी म्हणाली. "आणि ऐक. 'मी भाडेकरू.' दोन शब्द. तोंड झिजतं का?"

"मी भाडेकरू," वरची म्हणाली.

"अशी म्हणतेस जसा कुणाचा चहा सांडलाय. जरा छाती काढून!"

*

काकूंचा मुलगा कपाट उपसत बसला होता. टक्कल पडलेला, थकलेला माणूस. धुळीनं त्याचे डोळे पाणावले होते. लांबच्या शहरात एका कंपनीच्या गोदामात तो हिशेबनीस होता. वर्षातून एकदा यायचा, दोन दिवस राहायचा, आणि जाताना वरचीला म्हणायचा, "ताई, तुम्ही आहात म्हणून मी तिथे झोपू शकतो."

"ताई, बसा जरा," आज तो म्हणाला. त्यानंच चहा केला होता. दोघं दाराच्या टेबलाशी बसले. "रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला."

"वकिलानं विचारलं, त्या बाई तुमच्या कोण. मी म्हटलं, घरच्याच. तो म्हणाला, छान, असंच म्हणत राहा." त्यानं कपातल्या चहाकडे पाहिलं. "परक्या असतात तर मला तुम्हाला मुदत द्यावी लागली असती. घरच्या म्हटलं की घालवता येतं, असं निघालं बघा. मला रात्रभर झोप नाही."

"मलाही."

"माझीही जागा भाड्याचीच आहे, ताई. तुम्हाला कधी बोललो नाही. मालक दर वर्षी 'बघू' म्हणतो. मुलीच्या खोलीत खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं. हे घर गेलं तर कुठेतरी चार भिंती माझ्या होतील. आणि घेणाऱ्याला रिकामं हवंय."

 वरचीला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग धरायला सोपा असतो, त्याला एक टोक असतं. या माणसाची टोकंच सापडत नव्हती. तो मुलीसाठी खिळ्याचं बोलला आणि तिला वाटलं, देऊन टाकावी खोली. आणि लगेच वाटलं, मग मी कुठे जाऊ? परत भावाच्या स्वयंपाकघरात? आता तर तिथे भाचसून आहे.

"शेवटी आई काही म्हणाली का हो?" त्यानं विचारलं.

"आवाज गेला होता त्यांचा. शेवटचे किती दिवस नुसता वारा यायचा तोंडातून."

"मग तुम्हाला बोलवायची कशी?"

वरचीनं टेबलाच्या कडेला हात नेला. दार आडवं टाकताना कडी वर आली होती, ती तशीच होती. खाटेवरून हात लांब केला की काकूंच्या बोटांना पोचायची. "ही वाजवायच्या."

त्यानं एका बोटानं कडी उचलून सोडली. खण्ण झालं. वरची अर्धी उठली, आणि मग तिचं तिलाच कळून परत बसली. त्यानं ते पाहिलं. कडीवरचा हात हळूच काढून घेतला.

*

सुतार आला तो तोंडसुख घेतच आला. "तेव्हाच म्हटलं होतं मी. घराचं दार काढू नये, घर उघडं पडतं."

"तुम्ही म्हणाला होतात, बिजागऱ्यांचे पैसे वेगळे पडतील."

"तेही म्हटलं होतं. दोन्ही म्हटलं होतं."

मुलगा बाहेर गेला होता. तपासनीस उद्या यायचे होते. वरचीनं टेबल रिकामं केलं. औषधाच्या बाटल्या अजून होत्या, त्या उगाचच तिथे होत्या, पण त्या उचलायचं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. दोघांनी मिळून दार उभं केलं. हे काही खोटं नाही, ती स्वतःला सांगत होती. दार याच जागेचं. इथेच होतं. मी फक्त परत ठेवतेय. पण मग असं का वाटत होतं? दुसऱ्याच्या पिशवीत हात घातल्यासारखं?

बिजागऱ्या बसल्या. सुतारानं दार ढकललं. ते अर्ध्यावर येऊन अडलं. त्यानं खांदा लावला. दार कण्हलं, पण मिटलं नाही. चौकटीत आणि दारात तळहात जाईल एवढी फट राहिली, आणि कडी कोयंड्यापर्यंत पोचेना.

"वाकलंय," सुतार म्हणाला आणि फळ्यांवरून मायेनं हात फिरवला. "इतकी वर्षं पाठीवर निजवलंत, वर ओझं, वर इस्त्रीची धग. पोट खाली गेलं त्याचं. दार उभं असलं तरच दार राहतं, बाई. आडवं केलं की ते दुसरंच काहीतरी होतं."

"मग आता?"

"ही बाजू तासून सरळ करावी लागेल. रंधा मारतो. तासाभराचं काम."

वरचीनं ती बाजू पाहिली. इस्त्री टेकल्याचा तपकिरी डाग होता. कपांची गोल गोल वर्तुळं, एकात एक अडकलेली. आणि कडीच्या भोवती, जिथे बोटं चाचपडत यायची, तिथे नखांनी घासून लाकूड उजळ झालं होतं. लहान मुलाच्या हाताएवढा तो तुकडा होता.

"नको," ती म्हणाली.

"मग मिटणार नाही."

"राहू दे तसंच. जेवढं लागतं तेवढं लागू दे."

"उद्या मला बोल लावू नका," सुतार म्हणाला, आणि हत्यारं गोळा करता करता परत एकदा, जाता जाता, दार ढकलून पाहिलं त्यानं. सवयीनं.

*

तपासनीस स्थूल होते, सभ्य होते, आणि जिना चढून आल्यावर बराच वेळ नुसते श्वास घेत होते. खोली मापली. खिडकी पाहिली. "स्वच्छ ठेवलीय," म्हणाले. मग खाली आले. काकूंचा मुलगा खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसला होता, परीक्षेला बसल्यासारखा. तपासनिसांनी दार लोटलं. दार अडलं.

"हे दार नेहमीचं?"

 रात्रभर वरचीनं चिमणीचे दोन शब्द घोकले होते. "दार नेहमीचं आहे, साहेब. पण ते नेहमी इथे नव्हतं. काल बसवलं. किती तरी वर्षं इथे दारच नव्हतं."

मुलानं मान वर केली.

"कुणी काढलं होतं? मालकीणबाईंनी?" तपासनिसांनी पेन सरसावलं. "नीट आठवून सांगा. मालकानं दार काढलं असेल तर तुमचा हक्क जात नाही. त्यांनीच काढायला सांगितलं असेल ना?"

केवढी मोठी फट त्यांनी उघडून धरली होती. नुसतं आत शिरायचं होतं.

"नाही. त्या नको म्हणत होत्या. मीच काढलं."

तपासनीस एक पाऊल जवळ आले. मग आवाज अजून मऊ करून म्हणाले, "बरं. असू दे. दाराचं सोडा. मला एवढंच सांगा, मावशी, त्यांना वर तुमच्या खोलीत येऊ न देण्याचा अधिकार तुम्हाला होता का? तुम्ही 'येऊ नका' म्हटलं असतं तर त्यांना थांबावं लागलं असतं का?"

"त्यांना जिना चढता येत नव्हता."

"समजा, आला असता."

वरचीनं जिन्याकडे पाहिलं. समजा. काकू पायथ्याशी उभ्या आहेत, एक हात कठड्यावर. पहिली पायरी. मोडकं हाड सांधलेलं आहे. दुसरी पायरी. धाप लागली आहे, पण तोंड बंद नाही, 'हॅलो, वरचा मजला, मी येतेय गं' असं चालूच आहे.

"मग हात दिला असता," ती म्हणाली.

 तपासनिसांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "मावशी, मला इथे हो किंवा नाही लिहायचंय."

"ताई..." काकूंचा मुलगा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि लाजही होती, आणि एवढ्याशा चेहऱ्यावर दोन्ही मावत नव्हत्या.

ती काय हरत होती हे वरचीला माहीत होतं. खोलीतली ती खिडकी, जिच्यातून संध्याकाळचा उजेड थेट उशीवर यायचा. तो जिना, ज्याची कुठली पायरी कुरकुरते हे पायांना पाठ होतं. आणि हेही माहीत होतं की 'हो' म्हटलं तर ते सगळं राहील, फक्त त्या घरात काकू नावाची एक परकी घरमालकीण राहून गेली असेल, आणि ती एक परकी भाडेकरू. हे बरोबर की चूक, तिला अजूनही नक्की कळत नव्हतं. कळलं असतं तर बरं झालं असतं.

"नाही लिहा," ती म्हणाली.

*

मुलगा वाईट नव्हता. त्यानं घेणाऱ्याला थांबवलं, दुसरी जागा मिळेपर्यंत. पायाला भिंगरी लावून चिमणीनंच जागा शोधली, तिच्याच गल्लीत, तळमजल्यावर, एक खोली. निघायच्या दिवशी मुलगा म्हणाला, "ताई, आईची आठवण म्हणून घरातलं काही न्या. कपाट न्या, घड्याळ न्या. काहीही."

"दार नेऊ का?"

त्याला हसू आलं, मग डोळे भरून आले. सुताराच्या हातगाडीवर त्यानं स्वतः एका बाजूनं धरून दार चढवलं.

नव्या घरमालकीणबाई गोऱ्या, गोलमटोल आणि हौशी होत्या. त्यांनी किल्ली दिली, नळ दाखवला, आणि हातगाडीकडे बघून डोळे मोठे केले. "अहो, दार कशाला आणलंत? आमच्या खोलीला दार आहे की. कुलूपसुद्धा नवं आहे."

"घड्या घालायला लागतं."

"घड्या घालायला!" बाई खळखळून हसल्या आणि वरचीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मौजेच्या दिसताय. राहा हो अगदी निवांत. आम्ही भाडेकरू-बिडेकरू मानत नाही. अगदी घरच्यासारख्या राहा."

"नको," वरची म्हणाली. ते जरा तुटक वाटलं असेल म्हणून तिनं बाईंचा हात दाबला. "तुम्ही चांगल्या आहात. पण मला भाडेकरूच ठेवा. पावती देत जा."

बाई बुचकळ्यात पडून गेल्या.

संध्याकाळी तिनं दार दोन खोक्यांवर आडवं टाकलं. इस्त्रीचा डाग आपल्या बाजूला घेतला. गाठोड्यातून धुतलेली चादर काढली आणि मग तिच्या लक्षात आलं, दुसरी बाजू धरायला कुणी नाही. काकू खुर्चीत बसून दोन टोकं धरायच्या. पकड ढिली होती, सारखी सुटायची, आणि त्या म्हणायच्या, लाइन कटली गं, परत जोड.

तिनं जरा विचार केला. मग चादरीची दोन टोकं एकत्र पिळून कडीत ओवली, उरलेली दोन हातात घेतली आणि चादर ताणेपर्यंत मागे मागे चालत गेली. झटका दिला.

खण्ण.

"आले," ती म्हणाली, आणि टोकं जुळवत दाराकडे चालू लागली.